शकुंतलेचा पट्टा : गाडी येवो न येवो, जमीन सलग राहायला हवी

मोतीबाग (धागाकर्ती)

दिवाळीत माहेरी दारव्ह्याला गेले होते. बाबा 78 वर्षांचे आहेत. शकुंतला या आमच्या छोट्या रेल्वेगाडीच्या लाइनवर गँगमन म्हणून त्यांनी 33 वर्षं काढली. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर म्हणाले, "चल, लाइन पाहून येऊ." आमच्या घरात लाइन म्हणजे एकच.

दारव्हा मोतीबाग स्टेशनापासून लाडखेडच्या दिशेनं आम्ही निघालो. गुडघे दुखतात म्हणून थोडंच जायचं ठरलं होतं, पण चांगले तीन तास चाललो. रूळ बऱ्याच ठिकाणी जागेवर आहेत. दोन रुळांच्या मध्ये कुठं तरोटा, कुठं बाभळीची हातभर वाढलेली रोपं. गवत पायानं बाजूला केलं की खाली गिट्टी लागते. बाबा प्रत्येक मोरीपाशी, म्हणजे रुळांखालून पाणी जायच्या वाटेपाशी, थांबत होते. ही पुरात वाहून गेली होती, हिच्यात एकदा अजगर सापडला होता, असं एकेक सांगत होते.

मग पहिला खंड लागला. भरावाची माती-मुरूम कुणीतरी काढून नेली होती आणि साधारण वीसेक फुटांचा घळ पडला होता. रूळ हवेत लोंबत होते. पुढं एका ठिकाणी गावरस्ता उंच करताना रूळ डांबराखाली गेले होते. त्याच्यापुढं सोयाबीनची काढणी झालेलं वावर थेट रुळांपर्यंत आलं होतं. हद्दीचे दगड तिथं असल्याचं बाबांना पक्कं आठवत होतं, पण एकही दिसला नाही. बाबा तिथं बराच वेळ उभे राहिले. शेतकऱ्यावर त्यांचा राग नव्हता. एवढंच म्हणाले, "एकदा दगड गेला की मग कोणी सांगावं, कुठून कुठवर होती ते."

घरी आल्यापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर मुख्य लाइनवरचं जंक्शन. तिथून एक फाटा कारंजा, दारव्हा, लाडखेड करत यवतमाळला जातो, 113 किलोमीटर. दुसरा बनोसा, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला, 76 किलोमीटर. गेज 762 मिलिमीटरचं, म्हणजे अडीच फुटांचं. वऱ्हाडातला कापूस मुख्य लाइनवर नेऊन टाकायला किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीनं ही लाइन उभी केली. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत ही गाडी ओढत होतं, त्यानंतर डिझेल आलं. आता गाडीच नाही. 2016 मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली. आमच्याकडं दर निवडणुकीत तिची आठवण निघते.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. ब्रॉडगेज होवो, रस्ता होवो, सायकलवाट होवो किंवा पुढची 20 वर्षं काहीच न होवो, हा पट्टा तुटू देऊ नका. 113 किलोमीटर सलग अरुंद जमीन गावागावांतून मिळवणं आज किती अवघड आहे, ते समृद्धी महामार्गासाठी जमिनी देणाऱ्यांना विचारा. आपल्याकडं ती आयती आहे. रूळ गेले तर पुन्हा टाकता येतात. पण मधली 10 एकर जमीन गेली तर आजूबाजूच्या शंभर एकरांचा वाट म्हणून काही उपयोग उरत नाही.

अशी जुनी वाट राखल्याचं कुणी पाहिलंय का? आपल्या कायद्यात त्याला काही आधार आहे का? जाणकारांनी सांगावं. आणि ज्यांच्या वावरातून लाइन जाते त्यांनीही लिहावं, त्यांना काय वाटतं हे मला खरंच ऐकायचंय.

---

कास्तकार_दर्यापूर

ताई, मी बनोशाच्या अंगचा. आमच्या वावराच्या धुऱ्याले लागूनच लाइन हाय. तुमी लिहिलं ते मनापासून लिहिलं, पन एक गोष्ट आमची बी आयका.

आमच्या पंजोबाइची जमीन गेली तवा किती पैसे भेटले, कोनाले मालूम नाई. कागदच नाई घरात. गाडी होती तवर ठीक होतं, मायच्या माहेरी जायचं त शकुंतलाच होती. तिकीट परवडे, बकरी बी संगं नेता येत होती. आता गाडी नाई, बंद लाइनमुळं पानी अडते. पावसाळ्यात भरावाच्या वरच्या अंगाले वावरात तीन-तीन दिस पानी साचून राह्यते, कारन मोऱ्या बुजल्या. कोनी साफ करत नाई. मंग मानसानं काय कराव? मी पट्टा दाबला नाई, पन दाबनाऱ्याले मी चोर बी म्हननार नाई.

आन ते सायकलवाट वगैरे शहरातल्या लोकाइसाठी हाय. आमाले गाडी पाह्यजे. गाडीच पाह्यजे.

---

मोतीबाग

भाऊ, पाण्याचं तुम्ही लिहिलं ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आमच्या वेळी मृगाच्या आधी प्रत्येक मोरी साफ करायचं कामच असायचं, ती गँग गेली आणि मोऱ्या बुजल्या. म्हणजे पट्टा राखायचा तर मोऱ्यासुद्धा राखायला हव्यात, हे मी माझ्या म्हणण्यात जोडून घेते.

आणि गाडी मलाही हवी आहे. गाडी यायची असेल तर तिला जागा शिल्लक असायला हवी, माझं भांडण एवढ्यासाठीच आहे.

---

साखळी_आणि_क्रॉसस्टाफ

भूमी अभिलेखात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. ताईंनी कायद्याचं विचारलंय म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट. सार्वजनिक कामासाठी 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली घेतलेली जमीन वापरात राहिली नाही तरी आपोआप मूळ मालकाकडं परत जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे 1997 च्या केरळमधल्या भास्करन पिल्लै खटल्यात स्पष्ट केलं आहे. दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरा, नाहीतर लिलाव करा. 2013 च्या नव्या कायद्यात पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा शासनाच्या भूमी बँकेत देण्याचं 101 वं कलम आलं, पण म्हणून शंभर वर्षांपूर्वीची जमीन त्यात बसत नाही. दर्यापूरच्या भाऊंना हे वाचून वाईट वाटेल. पण कुणी एजंट "जमीन परत मिळवून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

दुसरी गोष्ट. रेल्वेच्या रिकाम्या जमिनीचा व्यापारी वापर करायला 2006 पासून रेल्वे भूमी विकास प्राधिकरण आहे. त्याचा रोख साहजिकच स्टेशनांजवळच्या मोक्याच्या भूखंडांवर असतो. लांब पट्टा हीच मालमत्ता आहे, ती अखंड आहे म्हणूनच तिला किंमत आहे, असं सांगणारी तरतूद आपल्याकडं नाही. खरी उणीव तिथं आहे. शकुंतलेच्या बाबतीत तर ही लाइन राष्ट्रीयीकरणातून बाहेर राहिली. मालकी कंपनीची आणि गाडी चालवणार रेल्वे, अशी करारावरची व्यवस्था कित्येक वर्षं चालली. त्यामुळं कुणाच्या नावानं अर्ज करायचा इथूनच गोंधळ होतो.

तिसरी गोष्ट माझ्या अनुभवाची. पट्टा एका दिवसात जात नाही. आधी हद्दीचा दगड हलतो. मग धुरा, म्हणजे शेताचा बांध, नांगराचं एक तास पुढं सरकतो. पाच-सात वर्षांनी तिथं विहीर होते, गोठा होतो. मग रस्त्याची मागणी येते, आणि मोजणीला माणूस जातो तेव्हा समोर दोन पिढ्यांची वहिवाट उभी असते. मी एका तालुक्यात एका बंद पडलेल्या कालव्याची मोजणी केली होती. 14 किलोमीटरांत 9 जागी खंड. त्यातले 6 खंड काढता आले असते. उरलेल्या तिघांनी सगळा कालवा मारला.

आणि एक सावधगिरी. रूळ आहेत तोवर ती रेल्वेची हद्द आहे. तिथं विनापरवाना जाणं हा रेल्वे कायदा 1989 च्या 147 व्या कलमाखाली गुन्हा ठरू शकतो. बाबांना घेऊन परत जाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

---

कोलंबियातली_काकू

मी अकोल्याची, गेली 22 वर्षं अमेरिकेत मिझुरी राज्यात आहे. धागा वाचून राहवलं नाही, कारण माझ्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर अगदी हेच झालेलं आहे.

इथं मिझुरी-कॅन्सस-टेक्सस नावाची रेल्वे होती, लोक तिला केटी म्हणत. नदीकाठची लाइन पुरात सारखी वाहून जायची, शेवटी 1986 मध्ये कंपनीनं ती सोडली. आज त्या पट्ट्यावर सुमारे 385 किलोमीटरची केटी ट्रेल आहे. वर बारीक चुनखडीची कच दाबून बसवलेली, चालायला आणि सायकलला सुरेख. रेल्वेचा चढ नेहमीच हळुवार असतो, त्यामुळं माझी साठीतली शेजारीणसुद्धा न थांबता 30 किलोमीटर सायकल मारते. रोशपोर्ट गावाजवळ जुना बोगदा आहे, उन्हाळ्यात आत शिरलं की माठातल्या पाण्यासारखं गार वाटतं.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर चुनखडीत नाही, कायद्यात आहे. अमेरिकेत काय व्हायचं, की पुष्कळ ठिकाणी रेल्वेकडं जमिनीची मालकी नसायची, फक्त वापरायचा हक्क असायचा. लाइन सोडली की हक्क संपला आणि जमीन तुकड्यातुकड्यानं शेजारच्या मालकांकडं गेली. हजारो मैल असे विरून गेले. मग 1983 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. कल्पना अशी, की लाइन 'सोडली' असं समजायचंच नाही. ती भविष्यातल्या रेल्वेसाठी राखून ठेवली आहे असं धरायचं, आणि तोवर लोकांना चालायला, सायकलला द्यायची. उद्या गाडी हवी झाली तर ट्रेल उठवून रूळ टाकायचे. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. मोतीबाग म्हणतेय तेच ते, फक्त कायद्याच्या भाषेत.

शेतकरी चिडले होते का? खूप. केटीच्या वेळीही कोर्टकचेऱ्या झाल्या. व्हरमॉन्टमधल्या एका कुटुंबाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. 1990 मध्ये निकाल लागला, की कायदा वैध आहे, पण कुणाची जमीन यात जात असेल तर सरकारनं भरपाई द्यावी. 2014 मध्ये वायोमिंगच्या एका प्रकरणात उलटा निकाल आला, तिथं आधीच सोडून दिलेला पट्टा जमीनमालकाचाच ठरला. म्हणजे वेळेवर राखला तो राहिला, उशीर झाला तो गेला.

---

कास्तकार_दर्यापूर

काकू, भरपाई देतात हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडं बी आधी मोऱ्या साफ करा, धुऱ्याचं भांडन मिटवा, मंग लोकं आडवे येनार नाईत. मानूस आडवा येते कारन त्याले कोनी इचारतच नाई.

---

गंजगोलाई

लातूरहून. आमच्याकडं बार्शी लाइट होती, शकुंतलेएवढ्याच रुंदीची. 1897 मध्ये कुर्डूवाडी-बार्शी सुरू झाली, 1911 पर्यंत लातूरला पोचली, पुढं 1927 मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेपर्यंत गेली. ब्रॉडगेज करताना लाइन धाराशिवला वळवली. जिल्ह्याच्या ठिकाणाला शंभर वर्षांनी रेल्वे मिळाली हे चांगलंच झालं. लातूरचं स्टेशनही शहराबाहेर गेलं.

शहरातल्या जुन्या लाइनचं काय झालं? रस्ता झाला. आजही पत्त्यात लोक 'जुनी रेल्वे लाइन' असंच लिहितात. मला आधी वाटायचं, गाडीच्या आठवणीचा खून केला यांनी. आता वाटतं, निदान रस्ता तरी झाला. तो पट्टा भूखंड पाडून विकला असता तर गावाच्या मधून सरळ जायला आज वाटच नसती. गावाबाहेर जिथं रस्ता झाला नाही तिथं जुनी लाइन कुठून जायची हे सांगणारी माणसं कमी होत चाललीत.

तेव्हा सायकलवाट की रस्ता की रूळ या वादात वेळ घालवू नका. वाट म्हणून राहिली म्हणजे झालं.

---

बोरघाट_उतार

या धाग्यावर एक वेगळा विचार मांडतो. मी खंडाळ्यात वाढलो. आमच्या घाटात कार्ले-भाजे लेण्यांच्या काळापासून वाट आहे. 1830 मध्ये माल्कम गव्हर्नर असताना गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये रेल्वे आली, 1 फुटाला 37 फूट असा चढ, इतका की गाडीला मध्ये रिव्हर्सिंग स्टेशनवर दिशा बदलून चढावं लागे. 1929 मध्ये नवे बोगदे झाले आणि ते स्टेशन सुटलं. मग द्रुतगती मार्ग आला. 1830 चा अमृतांजन पूल 2020 मध्ये पाडला तेव्हा मी रडलो होतो. पण वाट कुठंच गेली नाही. जाणार कुठं, डोंगर दुसरीकडं जाऊच देत नाही.

तुमच्या वऱ्हाडात तसं नाही. सपाट काळी जमीन, कुठूनही रूळ टाका, कुठूनही रस्ता काढा. त्यामुळं वाट राखायला तिथं निसर्ग मदत करत नाही. तुमच्याकडं वाट राखतो तो फक्त कागद आणि हद्दीचा दगड. तुमच्या बाबांनी बरोबर तेच सांगितलं.

---

साखळी_आणि_क्रॉसस्टाफ

बोरघाट, लाख बोललात. फक्त चढाचं उलटं लिहिलंय, 37 फुटांना 1 फूट.

---

बोरघाट_उतार

हो, घाईत उलटं झालं. धन्यवाद काका.

---

रानपिंगळा

मी सगळ्यांशी पूर्ण सहमत नाही. प्रत्येक जुना पट्टा वाट म्हणूनच राखावा असं नाही. शकुंतलेच्याच शेजारची अकोला-खांडवा मीटरगेज घ्या. ती मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या आतून जाते. धुळघाटला गाडी चढवायला लाइन स्वतःभोवती वळसा घेऊन स्वतःच्याच वरून जाते, अभियांत्रिकी म्हणून ते अप्रतिमच आहे. आकोट ते आमला खुर्द हा जंगलातला भाग 2017 च्या सुरुवातीला बंद झाला. त्याच जागी ब्रॉडगेज टाकायचं की जंगलाबाहेरून वळवायचं, यावर मोठा वाद झाला आणि राज्य सरकारनंही 2020 मध्ये बाहेरून न्या असं केंद्राला कळवलं. छोट्या गाडीचा अडथळा वाघ-गव्यांनी सोसला. जलद ब्रॉडगेजचा ते सोसू शकणार नाहीत. तिथला पट्टा जंगलाला परत द्यायला हवा, माझं त्यावर ठाम मत आहे.

शकुंतलेचं मात्र वेगळं आहे. मैलोन्मैल नांगरलेल्या काळ्या जमिनीत ही एकच न नांगरलेली गवताची पट्टी आहे. कारंज्याजवळ काळविटांचं सोहोळ अभयारण्य आहे. त्या भागात मी हिवाळ्यात पक्षी बघायला जातो. तितर, चंडोल, गप्पीदास, सगळं या बांधाबांधांवर आणि लाइनच्या गवतात. वाट करा, पण काँक्रीट ओतू नका आणि दिवे लावू नका.

---

लाडखेडची_सून

मी नेहमी वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. कुणी मुलींचा विषय काढला नाही म्हणून.

आमच्या शेताकडची पांदण जूनपासून दिवाळीपर्यंत चिखलात असते. काळ्या मातीत बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो. लाइनचा भराव तेवढा कोरडा राहतो, कारण तो उंच आहे आणि खाली गिट्टी आहे. माझी नणंद शाळेत त्याच भरावावरून चालत जायची, कारण पावसाळ्यात दुसरी वाटच नव्हती. आज माझी मुलगीही तिथूनच जाते. जिथं भराव खणून नेलाय तिथं ती खाली उतरते, चिखलातून पलीकडं चढते. गणवेश रोज धुवावा लागतो. दप्तर पडलं तर पुस्तकं जातात.

काका म्हणाले तो गुन्हा आहे. असेल. पण पोरींनी जायचं कुठून?

सायकलवाट शहरवाल्यांची असं दर्यापूरचे भाऊ म्हणाले. भाऊ, आठवीतल्या मुलीला शासनाकडून सायकल मिळते, ती चालवायला जागा आमच्याकडं आहे कुठं? रूळ तसेच राहू द्या. बाजूला चार फूट मुरूम दाबून दिला आणि तेवढे खंड भरले, तरी पोरी सायकलनं शाळेत जातील. गाडी आली त्या दिवशी आम्ही आनंदानं बाजूला होऊ.

---

कास्तकार_दर्यापूर

वहिनी, माह्यं चुकलं. हे माह्या ध्यानात नोतं आलं.

---

मोतीबाग

लाडखेडच्या ताई, तुमच्या मुलीची वाट आम्ही त्या दिवशी बघितलेल्या घळीवरूनच जात असेल. तिथं लहान चपलेचे ठसे होते. मी तेव्हा ते कुणा गुराख्याच्या पोराचे समजले.

गेल्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेले. हा विषय आमचा नाही, असं सांगून त्यांनी दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, दुसऱ्या मजल्यावरून पुन्हा खाली. संध्याकाळपर्यंत पोचपावतीही मिळाली नाही. साखळीकाकांशी व्यक्तिगत निरोपातून बोलले. त्यांनी सांगितलं, तोंडी विचारू नका, ग्रामपंचायतीचा ठराव जोडून लेखी द्या आणि मागणी एकच ठेवा: हद्दीची मोजणी करून दगड परत रोवा. रस्ता नको, सायकलवाट नको, त्या अर्जात तरी नको. मोजणी झाली की बाकीचं मागता येतं. मोऱ्या साफ करायची मागणी वेगळ्या अर्जात द्या, ती शेतकऱ्यांच्या सह्यांनी. दर्यापूरच्या भाऊंनी त्यांच्या बाजूच्या सह्या घ्यायचं कबूल केलंय.

दारव्हा ते लाडखेड हा तुकडा आधी करायचा ठरलाय. काकांच्या सल्ल्यानं यावेळी रुळांवरून गेलो नाही, बाजूच्या वावरांतून धुऱ्याधुऱ्यानं गेलो. बाबा, मी आणि माझा भाचा. भाच्यानं फोनवर प्रत्येक खंडाची जागा टिपली. एकूण 7 खंड निघाले, त्यातले 4 पन्नास फुटांच्या आतले. मोऱ्यांची संख्या मी 19 लिहिली होती. रात्री जेवताना बाबा म्हणाले, 21 आहेत, दोन तू गवतात चुकवल्यास, उद्या दाखवतो.

उद्या सकाळी सहाला निघतोय.